कबड्डीच्या बोर्डावर तिरकी, जाड, पसरट देवनागरी: जोश की अक्षरांची मोडतोड?

बोरूबहाद्दर
आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचा वीस बाय तीन फुटांचा बोर्ड काल आला. मजकूर: 'गर्जा मर्दांनो, भिडा!' डीटीपीवाल्याने साधा फॉन्ट कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आडवा ताणला आणि वरून उजवीकडे कलवला. काने खांबासारखे फुगले, शिरोरेखा मात्र होती तेवढीच बारीक. 'र'चा पाय मुळात उजवीकडे उतरतो, तो कलल्यावर जवळजवळ उभाच झाला. 'र्दां'चा रफार अनुस्वारासकट 'नो'च्या अंगावर.

माझं मत: देवनागरी तिरकी करूच नये. तिरकं म्हणजे वेगवान ही रोमनची सवय. आपली अक्षरं शिरोरेखेला टांगलेली, ती रेघ तर कललेली दिसतच नाही. म्हणजे वर तोरण स्थिर आणि खाली सगळे वाऱ्यावर! जोश हवा तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा बलू हा फॉन्ट घ्या. जाडजूड, गुबगुबीत आणि सरळ उभा.

फ्लेक्सवाला
बलू गोड आहे हो, पण चढाई करणाऱ्याच्या पाठीवर? बारशाच्या पत्रिकेला द्या तो.

आणि पसरट अक्षर ही हौस नाही, गरज आहे. लांब पट्टी भरायची तर इंग्रजीत अक्षरं एकमेकांपासून दूर ठेवता येतात. मराठीत तसं केलं की शिरोरेखा तुटते. टेको चांगला फॉन्ट, पण अंगाने अरुंद. वीस फुटांत तो मधोमध उभा, दोन्हीकडे रान मोकळं. मोठा करावा तर वर वेलांटी, खाली उकार, तीन फूट तिथेच संपतात. मग ताणू नको तर काय करू? गिऱ्हाईक शेजारी बसून "अजून पळतंय असं दिसू दे" म्हणतं.

तिसरी मात्रा
"तिरकं म्हणजे रोमन" हे काही पटलं नाही. मोडी काय ताठ मानेने चालायची? आधी पानभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात न उचलता पळवायची. आणि वेगाचंच म्हणाल तर व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सिउस याने 1501 मध्ये अख्खं पुस्तक तिरक्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, छापलं, ते छोटं, सुटसुटीत पुस्तक होतं. त्यातली कॅपिटल अक्षरं तर उभीच होती. तिरकं म्हणजे वेगवान असं सुचवणाऱ्या शर्यतीच्या गाड्या फार पुढच्या.

बोरूबहाद्दर
मोडीचा दाखला इथे लागू नाही. ती कारकुनाच्या हाताची लिपी, पन्नास फुटांवरून वाचायची नव्हे. पसरट अक्षराबद्दल मात्र फ्लेक्सवाल्यांचं ऐकतो. शिरोरेखेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

रंगाचा डबा
मी ब्रशने बोर्ड रंगवायचो. तिरकं लिहायचो, खुशाल. पण प्रत्येक अक्षराला वेगळी वागणूक. 'भ', 'म', 'ग' यांची पोटं रुंद करायची, काना नाही. शिरोरेखा सगळ्यात जाड. 'र'चा पाय आणि हलन्त हाताने पुन्हा आडवे पाडायचे, नाहीतर काना लोंबल्यासारखा दिसतो. रफार मागे ओढायचा. कलही बेताचा. यंत्र सगळ्यांना एकाच मापाने ढकलतं, भांडण त्याच्याशी करा.

बोरूबहाद्दर
असा हाताने घडवलेला तिरका फॉन्ट कुणी दाखवला तर बघेन. तोवर उभा.

फ्लेक्सवाला
ते सगळं ठीक. सामने शनिवारी आहेत. बोर्ड परत छापायचा तर पैसे कुणी द्यायचे, मंडळाने की या चर्चेच्या धाग्याने?