विज्ञानाच्या पुस्तकात माणसांची गोष्ट किती हवी?

आडवाट (धागाकर्ता)

विज्ञान-निसर्गावरचं नवं पुस्तक उघडलं की हल्ली पहिलं प्रकरण ठरलेलं असतं. संशोधक पहाटे उठतो, जीप चिखलात रुतते, त्याला आजी आठवते, आणि पुष्कळ पानं उलटल्यावर कुठे बेडूक येतो. मला बेडूक हवा असतो.

आपल्याकडे हे दुखणं जुनं आहे. मराठी माणूस मुळात चरित्रवेडा, त्यामुळे विज्ञान म्हटलं की आपण 'थोर शास्त्रज्ञ' छापून मोकळे होतो. न्यूटनचं सफरचंद पोरासोरांना पाठ असतं, पण अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, हे कुणाला विचारून बघा. मेरी क्यूरीची हलाखी सगळ्यांना ठाऊक, पिचब्लेंड या खनिजातून रेडियम वेगळं कसं काढलं ते नाही.

उलट रेचल कार्सनचं कीटकनाशकांवरचं १९६२ चं 'सायलेंट स्प्रिंग' घ्या. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटांचा बंदोबस्त करायला डीडीडी सोडलं. हे डीडीटीचं भावंड. पाण्यात प्रमाण दहा लाख भागांत ०.०२. प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांत, ते ५ झालं. आणि मेलेल्या पाणडुब्या पक्ष्यांच्या चरबीत १६००! तीन आकडे, झोप उडते. स्वतः कार्सनला तेव्हा स्तनाचा कर्करोग होता, एप्रिल १९६४ मध्ये त्या गेल्या. पुस्तकात त्याबद्दल चकार शब्द नाही.

माझं म्हणणं एवढंच की माणसांच्या गोष्टींनी विज्ञानाची जागा खाल्ली आहे. बोला.

तिरपागडा

सफरचंदाला नावं ठेवू नका. अर्ध्या महाराष्ट्राच्या वक्तृत्व स्पर्धा त्यावर उभ्या आहेत.

नदीकाठ

आडवाट, उदाहरण तुमच्याच अंगावर उलटतंय. कार्सन आजाराबद्दल गप्प राहिल्या त्या काही लेखनशैली म्हणून नाही. कीटकनाशकवाल्यांना कळलं असतं तर 'बाईला स्वतःला कॅन्सर झालाय म्हणून रसायनांवर राग काढतेय' असं म्हणायला ते मोकळे झाले असते. तसंही 'भावनाविवश बाई' म्हणून हिणवायचं कुणी बाकी ठेवलं नाहीच. म्हणजे लेखिकेला स्वतःचं जगणं पुस्तकाबाहेर ठेवावं लागलं. त्याला तुम्ही आदर्श म्हणणार?

आणि त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण आठवतंय ना? पाखरं गप्प झालेल्या एका काल्पनिक गावाची गोष्ट आहे ती. आकडे नंतर येतात.

आडवाट

काल्पनिक गाव जेमतेम दोनेक पानांचं आहे आणि शेवटी संदर्भांचीच पन्नासेक पानं आहेत. हे प्रमाण मला मान्य आहे. आजच्या पुस्तकांत ते उलटं असतं, भांडण त्याच्याशी आहे.

पेट्रीडिश

मी पेशींवर काम करते, त्यामुळे राहवत नाही. हेन्रिएटा लॅक्सवरचं रेबेका स्क्लूट यांचं २०१० चं पुस्तक तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये एक कृष्णवर्णीय बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचारांसाठी आली. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता काढला गेला. त्याआधी माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत काही दिवसांत मरायच्या. या मेल्या नाहीत, साधारण २४ तासांत दुप्पट होत राहिल्या. तिथले संशोधक जॉर्ज गाय यांनी त्या मागेल त्याला वाटल्या. बाई त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वयाच्या ३१ व्या वर्षी गेली. तिच्या नावावरून पेशींना 'हेला' म्हणतात. पोलिओच्या लशीच्या चाचणीत त्या वापरल्या गेल्या, आज जगभर आहेत. घरच्यांना मात्र विसेक वर्षं पत्ता नव्हता.

आता मुद्दा. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ पेशी-वाणांत (प्रयोगशाळेत वाढवत नेलेल्या पेशींच्या वंशांत) हेलाच घुसलेल्या आहेत. म्हणजे कुणी यकृताच्या समजून ज्यांवर प्रयोग केले त्या पेशी खरं तर हेन्रिएटाच्या. मग हेला ओळखायच्या कशा? तिच्या जनुकांची खूण कळायला तिच्या मुलांचं रक्त हवं होतं. १९७३ मध्ये ते घेतलं गेलं, आणि तिच्या मुलीला, डेबोराला, वाटलं की आपल्यालाही आईचा आजार आहे का ते तपासताहेत.

या घटनेतून माणसं काढून फक्त विज्ञान शिल्लक ठेवून दाखवा. रक्त कुणाचं आणि कशासाठी, हाच तर विज्ञानाचा प्रश्न होता.

आडवाट

मांडणी जोरदार आहे, नाकारत नाही. पण ते पुस्तक वाचलेल्या कुणालाही विचारा. अन्याय आठवेल, डेबोरा आठवेल. त्या पेशी मरत का नाहीत, हे किती जण सांगतील?

पेट्रीडिश

घ्या, मी सांगते. एचपीव्ही-१८ या विषाणूचा डीएनए तिच्या पेशींच्या गुणसूत्रात घुसला होता. त्याची दोन प्रथिनं पेशीचं विभाजन रोखणाऱ्या पी५३ आणि आरबी या प्रथिनांना निकामी करतात. शिवाय प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोकं झिजतात, ती पुन्हा बांधणारं टेलोमरेज हे विकर या पेशींत चालू असतं. विषाणू आणि या कर्करोगाचा संबंध दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

चार-पाच वाक्यांत झालं. यासाठी अख्खं पुस्तक लागत नाही, लेख पुरतो. विचारल्याशिवाय कुणाचं शरीर वापरायचं की नाही, हे चार वाक्यांत आटपत नाही. २०१३ मध्ये पुन्हा तेच झालं. हेलाचा जनुकसंच घरच्यांना न विचारता जाहीर केला गेला आणि ओरड झाल्यावर मागे घ्यावा लागला. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी करार केला, आणि ती माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत आता घरचे आहेत. हे पुस्तक आधी लोकांनी वाचलं नसतं तर एवढी ओरड झाली असती?

सोनकी

मला दोघांचंही थोडं थोडं पटत नाही. गोष्ट हवी की नको यापेक्षा गोष्ट कोण सांगतंय ते बघा. डीएनएच्या रचनेच्या शोधावर जेम्स वॉटसन यांचं १९६८ चं पुस्तक घ्या. भन्नाट वेग, कादंबरीसारखं वाचून होतं. त्यात रोझलिंड फ्रँकलिन ही 'रोझी' म्हणून येते. चिडकी, कपड्यांचं भान नसलेली. जिच्या प्रयोगशाळेतला डीएनएचा क्ष-किरणांचा फोटो जानेवारी १९५३ मध्ये तिचे सहकारी विल्किन्स यांनी तिच्या अपरोक्ष वॉटसनना दाखवला, तीच ही बाई. १९५८ मध्ये, ३७ व्या वर्षी ती गेलेली होती, उत्तर कोण देणार? वॉटसनचे शोधातले जोडीदार क्रिक आणि विल्किन्स मात्र हयात होते. त्यांनी हरकत घेतली आणि हार्वर्डच्या प्रकाशनाने हात झटकले. दुसरा प्रकाशक मिळालाच.

आडवाट

म्हणजे माझाच मुद्दा झाला ना हा. रेणूबद्दल लिहिताना बाईच्या कपड्यांवर लिहायचं कारण काय?

सोनकी

नाही झाला. त्या चित्राला उत्तर मिळालं ते कुठल्या आलेखातून नाही. फ्रँकलिनच्या मैत्रिणीने, अ‍ॅन सेअर यांनी, १९७५ मध्ये तिचं चरित्र लिहिलं तेव्हा मिळालं.

किहीमकर

परदेशातलंच चाललंय सगळं. आमच्या गावचं घ्या. सलीम अलींची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी पैशाअभावी गेली, दुसरी मिळेना, म्हणून १९३० च्या सुमारास ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले. तिथे सुगरणीची वसाहत होती. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर आत मुक्काम, मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसऱ्या घरट्याला लागतो. हे त्यांनी तिथे बसून टिपलं. नोकरी असती तर एवढा वेळ मिळाला असता का? आता हे विज्ञान की चरित्र, तुम्हीच ठरवा.

आडवाट

सुगरणीचं विज्ञान. नोकरीचं एक वाक्य पुरे. आणि तुम्हीही ते एकाच वाक्यात आटपलंत, हे लक्षात घ्या.

सगळ्यांना एक नमुना देतो. डार्विनचं शेवटचं पुस्तक, १८८१ चं, गांडुळांवर. शेतात खडू पसरला १८४२ मध्ये, खणून पाहिलं १८७१ मध्ये, खडूचा थर सात इंच खाली. २९ वर्षांत गांडुळांनी खालची माती वर आणून तो गाडून टाकला होता. नायक गांडूळ. तरी पुस्तक हातोहात खपलं.

नदीकाठ

एक माणूस शेतातल्या खडूसाठी २९ वर्षं थांबतो आणि ही माणसाची गोष्ट नाही म्हणता?

आडवाट

त्यात डार्विनचं बालपण नाही. मला तेवढं पुरतं.

तिरपागडा

पण डार्विनचा मुलगा आहे. तो गांडुळांपुढे बसून बसून वाजवायचा. (बसून हे वाद्य आहे, मी अडखळत नाहीये.)

फळा_खडू

मी शाळेत शिकवतो. वाद चालू द्या, पण नववीच्या मुलांपुढे 'विषाणूची प्रथिनं' म्हटलं की माना खाली. हेन्रिएटाची हकीकत सांगितली की मुली विचारतात, 'सर, आपल्या रिपोर्टचं रक्त कुठे जातं?' हा प्रश्न मला आकड्यांनी मिळवून दिला नसता. उलट बाजूही सांगतो. त्यातली बरीच मुलं तिथेच थांबतात. पेशी म्हणजे काय हे परीक्षेत लिहिता येत नाही. तेव्हा आडवाट यांची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

त्या गांडुळांच्या पुस्तकातलं काही वर्गात करता येण्यासारखं आहे का? २९ वर्षं सोडून.

आडवाट

आहे. कागदाचे लांबट त्रिकोण कापून रात्री कुंडीतल्या मातीवर पसरा. गांडूळ ते बिळात ओढतात, तेव्हा कोणत्या कोपऱ्याने ओढले ते सकाळी मोजायचं. डार्विनच्या मोजणीत बहुतेक निमुळत्या टोकाने निघाले होते. दुसरं म्हणजे, आरडाओरडा केला, शिट्टी वाजवली, तरी गांडुळांना फरक पडत नाही. पण कुंडी पियानोवर ठेवून खालचा सूर दाबला की बिळात पळतात. ऐकू येत नाही, कंप कळतो.

फळा_खडू

त्रिकोण सोमवारी करतो. पियानो नाही, पेटी आहे, पण संगीताच्या बाई तिच्यावर मातीची कुंडी ठेवू देतील असं वाटत नाही.

पेट्रीडिश

बाईंना आधी विचारा. न विचारता वापरण्यावरून एवढा धागा झालाय.