'बूमर' म्हटल्यावर इतकं का लागतं?

प्रश्न : घरच्या ग्रुपवर भाचीनं माझ्या थोरल्या भावाला 'बूमर' म्हटलं. तेव्हापासून मामा-भाचीचं बोलणं बंद आहे. भाऊ १९७२ चा. मी अर्थ शोधला तर शिवी म्हणावं असं त्यात काहीच नाही. मग इतका राग का?

प्रतिसाद : मूळ अर्थानं तुमचा भाऊ बूमर नाहीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांचं प्रमाण एकदम वाढलं. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले ते तिथले 'बेबी बूमर'. १९७२ चा माणूस त्या हिशेबात 'जेन एक्स', म्हणजे त्यानंतरच्या पिढीतला. आपल्या घरांचा त्या लाटेशी संबंध नाही. त्यामुळे शब्द मराठी बोलण्यात आला तो जन्मसाल गाळूनच. उरला अर्थ एवढाच : काळ बदललेला कळत नाही आणि तरी शिकवायला येतो, असा माणूस.

ही छटा जगभर गाजली २०१९ मध्ये. न्यूझीलंडच्या संसदेत २५ वर्षांच्या क्लोई स्वॉरब्रिक हवामानबदलाच्या विधेयकावर बोलत होत्या. मध्येच कुणीतरी टोकलं, तेव्हा 'ओके बूमर' एवढंच म्हणून त्या पुढे बोलत राहिल्या. तिथं तो शब्द अडवणाऱ्याला बाजूला सारायला होता. घरातही तो तेच काम करतो. भावाचा मुद्दा चूक की बरोबर हे कुणी पाहिलंच नाही, त्याला थेट मोडीत काढलं. राग त्याचा आहे.

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' आहे, 'थेरडा' तर त्याहून जहरी. उलट बाजूनं 'कालचं पोर', 'हल्लीची पोरं'. पण हे शब्द वयाचे आहेत. आज साठीवरून टोमणा मारणाराही कधीतरी साठीला पोचतो. पिढीचा शिक्का मात्र सुटत नाही, आणि मारणाऱ्यावर तो कधीच येणार नसतो. म्हणून तो जास्त परका वाटतो, असं माझं ठाम मत आहे.

'मिलेनियल'चीही तीच गत. १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेले ते 'मिलेनियल'; ही वर्षं प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं रूढ केली. त्यातले थोरले आता चाळिशी ओलांडून गेले, तरी 'मिलेनियल मुलं' असं सर्रास लिहिलं जातं. अशी नावं जपून वापरू, असं खुद्द प्यूनं २०२३ मध्ये जाहीर केलं. त्याआधी समाजशास्त्रज्ञांनी ती सोडून द्या असं खुलं पत्र लिहिलं होतं.

प्रश्न : मग तिशीतल्या बाईला 'काकू' म्हटलं की ती चिडते, तेही हेच का?

प्रतिसाद : नाही. तिथं वयाचा अंदाज चुकतो, पण हाक नात्याचीच असते. 'ताई' म्हटलं की विषय मिटतो. 'बूमर'ला अशी दुरुस्ती नाही. भाचीला सांगा, 'मामा, हे मला पटत नाही, कारण...' असं लिही. कारण पटो न पटो, मामा उत्तर तरी देईल.