घसरणीचा क्षण टिपा

४३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास रोज सिग्नल येतो, पण अ‍ॅपमधल्या कुठल्याच उपग्रहाशी वेळ जुळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. लगेच 'हेरगिरीचा उपग्रह' म्हणू नका हो! आधी डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) अर्धा तास तापू द्या, नाहीतर त्याची स्वतःचीच वारंवारता सरकत राहते. मग वॉटरफॉल (वेळेनुसार वारंवारता दाखवणारं चित्र) जपून ठेवा. उपग्रह जवळ येताना वारंवारता मूळपेक्षा साधारण १० किलोहर्ट्‌झ वर असते, डोक्यावरून जाताना झपकन घसरते. तो क्षण सेकंदासकट टिपा आणि घसरणीच्या त्या वक्राशी एकेक टीएलई (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे) जुळवून बघा. एकाच रॉकेटमधून सुटलेले छोटे क्यूबसॅट उपग्रह (पीएसएलव्ही-सी३७ ने २०१७ मध्ये १०४ उपग्रह सोडले होते) सुरुवातीला इतके खेटून असतात, की कोण कुठला हे कळायलाच दिवस जातात. तुमचाही बहुधा असाच नुकता सुटलेल्या घोळक्यातला असावा.

आणि चिकाटीचं म्हणाल तर १९६६ मध्ये इंग्लंडातल्या केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी सर आणि त्यांची पोरं शॉर्टवेव्हवर सोव्हिएत उपग्रह ऐकत बसायची. कॉसमॉस ११२ ची कक्षा बायकोनूरच्या प्रक्षेपण तळाशी जुळेना, त्यावरून त्यांनी प्लेसेत्स्कचा गुप्त प्रक्षेपण तळ हुडकला. मॉस्कोने तो कबूल केला थेट १९८३ मध्ये.