दुःखाचं वर्ष आहे, सासूबाईंना थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला न्यावं का?

कृष्णाकाठची_सून
जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही मिरजेचे, सध्या शिकागोजवळ. यंदा उन्हाळ्यात सासरे गेले म्हणून सासूबाईंना इकडे आणलंय, मार्चपर्यंत आहेत. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलंय, आणि त्यांच्यात जेवणाआधी प्रत्येकानं यंदा कशाबद्दल देवाचे उपकार मानतो ते बोलायचं असतं. सासूबाई म्हणतात, माझा माणूस गेला त्या वर्षी मी काय म्हणून आभार मानू, आणि मानायचेच तर देवळात (म्हणजे आपल्या चर्चमध्ये) काहीतरी नेऊन ठेवीन, परक्याच्या टेबलावर बसून कसली साक्ष द्यायची. आता हे खरं पण आहे, आपल्याकडे कापणीच्या सणाला भाषण कोण करतं, ज्वारीची कणसं, गुळाची ढेप, पपया, कोंबडी, जे असेल ते पुढे नेऊन ठेवायचं आणि उपासना झाली की लिलाव. सासरे तर स्वतःच दिलेली कोंबडी चढ्या बोलीनं स्वतःच सोडवून आणायचे, मग घरी भांडण 😀 तर त्यांना आग्रह करून न्यावं का घरी राहू द्यावं? मुलगा टर्की बघायची म्हणून नाचतोय.

सातारी_टोरंटोत
आमच्या कॅनडात हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीच उरकतो, तुमच्याकडे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. पण एक सांगा त्यांना, अमेरिकेत हा दिवस लिंकननं १८६३ ला जाहीर केला तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, घराघरात माणसं गेलेली. त्या जाहीरनाम्यातच लिहिलंय की आभार मानताना विधवा, अनाथ आणि शोकात असलेल्यांना देवाच्या हाती सोपवा. म्हणजे रडक्या डोळ्यांनी आलेल्या माणसाला त्या टेबलावर पहिल्यापासून जागा आहे. (१९४१ च्या कायद्यानं फक्त चौथा गुरुवार पक्का केला.)

रोखठोक_वाईकर
मला विचाराल तर जाऊच नका. बायबलमध्ये नाही, आपल्या मंडळीत नाही, मग कशाला? तिथले मूळ रहिवासी १९७० पासून त्याच दिवशी, इंग्रज वसाहतवाले जिथं उतरले त्या प्लिमथला जमून शोकदिन पाळतात ते पण माहिती असू द्या. आणि दुसऱ्या दिवशी सेलला झुंबड, आदल्या दिवशी उपकारस्तुती! त्यापेक्षा नाताळच्या आधीचा आगमनकाळ नीट पाळा, घरात चार रविवार प्रार्थना करा.

सांगलीची_मावशी
वाईकर दादा, सेलला झुंबड आपल्याकडं दिवाळीत नसते काय. अगं पोरी, तू त्यांना नीट विचार, मला वाटतंय अडचण आभाराची नाहीच. आपल्याकडं घरात माणूस गेलं की वर्षभर त्या घरानं सण करायचा नसतो, ख्रिस्ती झालो तरी आमच्यातल्या कितीतरी घरांत हे अजून पाळतात, माझ्या माहेरी पाळायचे. पहिल्या सणाला भावकी डबे घेऊन येते, नाहीतर हाताला धरून आपल्या घरी जेवायला नेते, तेव्हा कुठं तोंड गोड होतं. तिथं तुमची भावकी कोण आहे? ती म्हातारा म्हातारीच की! त्यांनी बोलावलंय म्हणजे त्यांनीच तुमचा दुखवटा काढायचा म्हणायचं. हे असं सांगून बघ, येतील बघ. बोलायचं त्यांच्यावर टाकू नको. प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणा म्हणावं, तेवढी पुरे. देवापुढं गोड गोडच बोललं पाहिजे असं थोडंच आहे, २२ वं स्तोत्र तर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हणूनच सुरू होतं. आणि मोकळ्या हातानं नेऊ नको त्यांना, काहीतरी करून न्यायला सांग.

विश्रामबाग_टू_जर्सी
मी ख्रिस्ती नाही पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. वर्षभर सण न करण्याचं आमच्याकडे पण अगदी सेम, बाबा गेले तेव्हा दिवाळीचा फराळ सगळा शेजारून आला होता. आणि परक्याचं घर म्हणाल तर वॉन्लेस डॉक्टर कॅनडातले, १८८९ ला आले, १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल काढलं, जवळजवळ ४० वर्षांचे नाताळ त्यांनी आपल्या लोकांतच केले असतील. आमची अर्धी गल्ली त्या मिशन हॉस्पिटलात जन्मलेली आहे, मी धरून. काकूंना म्हणावं परतफेड समजा, बिनधास्त जा.

कृष्णाकाठची_सून
मावशी, तुम्ही बरोबर ओळखलंत!! काल रात्री भावकीचं सांगितलं तर आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या त्या बाईला फोन करून विचार त्यांच्यात गोड काय चालतं. आता तासगावचे बेदाणे घालून सांज्याच्या पोळ्या करणारेत, रवा भाजून पण झाला. बोलणार नाही म्हणाल्यात, प्रार्थना म्हणेन, ती पण उभं राहून, बसून नाही. वाईकर दादा, आगमनकाळ पाळतोच आहोत हो, चांदणी पण लावणार. नाताळच्या दिवशी मिरजेत सकाळी साडेनऊची उपासना म्हणजे आमच्याकडे २४ ला रात्रीचे दहा, दीर मोबाईलवर लाईव्ह दाखवणार आहेत. आता एकच, ती बाई म्हणते उरलेली टर्की डब्यात भरून देणार. कांदा लसूण मसाला घालून रस्सा केला तर ते मटण चिवट होतं का, कोणी करून बघितलंय?