घर घेतानाचा हिशोब आणि आजचा हिशोब: गृहकर्ज, कर आणि आपले अनुभव

मार्च २०२३ च्या हप्त्याचा उतारा मी अजून जपून ठेवलाय. हप्ता ३०,२९५ रुपये. त्यातले २९,७०० च्या वर व्याजात गेले आणि मुद्दलात पडले जेमतेम साडेपाचशे. तो कागद मी नवऱ्यासमोर ठेवला तेव्हा त्याने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. त्याला वाटलं, पुढचं पान राहिलंय.

आम्ही ठाण्यात २०२१ च्या जुलैत घर घेतलं. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर ६.७०. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, तेव्हा ४ टक्क्यांवर होता आणि बँकेतला माणूस म्हणाला होता, "ताई, इतका स्वस्त दर परत मिळणार नाही." ते खरंच होतं. पण रेपो वर गेला की हाच दरही त्याच्याबरोबर वर जाणार, हे त्याने एका वाक्यात उरकलं आणि आम्हीही एका वाक्यात ऐकलं. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ४ वरून साडेसहावर गेला, आमचा दर ९.२० झाला. त्या साडेपाचशेच्या हप्त्यानंतर बँकेने हप्ता दोन हजारांनी वाढवला आणि मुदत परस्पर लांबवली. नेट बँकिंगमध्ये शेवटच्या हप्त्याचं साल २०४१ होतं, ते २०५१ झालेलं दिसलं. नवरा २०४४ ला निवृत्त होतोय. आम्हाला कुणी विचारलं नाही.

दुसरी बाजू कराची. घर घेताना आम्ही कागदावर मांडलं होतं की करपात्र उत्पन्नातून व्याजाची दोन लाखांची वजावट, वर मुद्दलासाठी ८०सी कलमाची वजावट, म्हणजे हप्त्यातला काही भार सरकार उचलतंय. २०२३-२४ मध्ये आम्ही साडेतीन लाखांहून जास्त व्याज भरलं, वजावट मिळाली दोन लाखांची. ही दोन लाखांची मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पात ठरली, तेव्हापासून जागची हललेली नाही. २०१४ साली ठाण्यात टू बीएचके केवढ्याला मिळत होता, हे इथल्या कुणालाही विचारा.

म्हणून हा धागा. घर घेताना तुम्ही काय धरून चालला होतात आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहा. आकडे असतील तर आकड्यांसकट. "झेपत नव्हतं तर घेतलं कशाला" हे कृपया नको, ते आम्ही घरच्यांकडून ऐकतो.

डोंबिवली, खासगी नोकरी

ताई, तुमचा उतारा वाचून माझी फाइल काढली.

२०१६ च्या नोव्हेंबरात बुकिंग, २८ लाखांचं कर्ज. ताबा डिसेंबर २०१९ ला मिळणार होता, मिळाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधली सगळी वर्षं अकरा हजार भाडं आणि वर नुसतं व्याज, सुरुवातीला कमी आणि इमारतीचे स्लॅब पडत गेले, बँक बिल्डरला पैसे सोडत गेली तसं महिन्याला एकवीस-बावीस हजारांपर्यंत. मुद्दल एक रुपयाने कमी होत नव्हतं.

बुकिंग केलं तेव्हा सेवाकर आणि व्हॅट मिळून साडेपाच टक्के लागत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्यानंतरच्या बिल्डरच्या प्रत्येक मागणीपत्रावर १२ टक्के. माझे पंधरा लाखांचे हप्ते तेव्हा बाकी होते, म्हणजे जवळपास लाखभर रुपये जादा. २०१९ च्या एप्रिलपासून दर पाच टक्के झाला, पण आमचं बांधकाम आधीपासून चालू असल्याने बिल्डरला जुना दर ठेवायची मुभा होती आणि त्याने तो ठेवला.

हे सगळं एकवेळ सोडून देतो. मला खरं लागलं ते वेगळं. ताबा मिळाल्यावर सीएकडे गेलो, म्हटलं आता इतक्या वर्षांचं साठलेलं व्याज पाच वर्षांत विभागून उत्पन्नातून वजा होईल. त्याने कर्जाची तारीख बघितली, बोटावर वर्षं मोजली आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला दोन लाख नाही, तीस हजार." नियम असा की कर्ज ज्या आर्थिक वर्षात घेतलं ते संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर वजावटीची मर्यादा दोन लाखांवरून तीस हजारांवर येते. साठलेलं व्याज धरूनसुद्धा तीसच हजार. माझी पाच वर्षं ३१ मार्च २०२२ ला संपली होती. उशीर बिल्डरने केला आणि वजावट गेली माझी. हा नियम लिहिणाऱ्याने डोंबिवलीतल्या एका तरी अर्धवट इमारतीखाली उभं राहून वर बघायला हवं होतं.

महारेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार केली. उशिराबद्दल व्याज द्यायचा आदेश माझ्या बाजूने झाला, वसुलीचं वॉरंट निघालं, ते जिल्हाधिकारी कार्यालयात गेलं. तिथेच आहे.

नाशिक, शिक्षक

मी वेगळं लिहिणार आहे, कारण खोटं लिहिणं बरं नाही. मला २०२५ च्या अर्थसंकल्पाने फायदा झाला. पगार वर्षाला अकरा लाखांच्या आसपास. आधीच्या वर्षी जुन्या करपद्धतीने, जिच्यात वजावटी मिळतात, व्याज, पीएफ, विमा सगळं दाखवून ४९ हजारांच्या आत-बाहेर कर बसला होता. आता नव्या पद्धतीत, जिच्यात दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत, शून्य. फॉर्म १६ वर शून्य बघून बायकोला फोन केला. ते पैसे मी सरळ कर्जात भरले. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही, हे अजूनही कितीतरी जणांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

पण एक गोष्ट खटकते. नव्या पद्धतीत भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतं. मी ज्या घरात राहतो, त्याच्या व्याजाला मात्र काहीच नाही. दुसरं घर गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला वजावट आणि एकुलत्या एका घरात राहणाऱ्याला नाही, हे मला वर्गात कुणी विचारलं तर समजावून सांगता येणार नाही.

पिंपरी-चिंचवड, परिचारिका

हप्त्यावर सगळे बोलतायत. माझा जीव हप्ता सुरू व्हायच्या आधीच मेटाकुटीला आला होता.

एकटीच्या नावावर घर घेतलं, २०२३ मध्ये, किंमत ३८ लाख. बँक ८० टक्के देते, म्हणजे ७ लाख ६० हजार आपले. इतपत माझी तयारी होती. मग एजंटने कागदावर खाली खाली लिहायला सुरुवात केली. परवडणाऱ्या घराचा जीएसटी एक टक्का, ३८ हजार. मुद्रांक शुल्क बाईच्या नावावर एक टक्का कमी, तरी मेट्रोचा अधिभार धरून सहा टक्के, म्हणजे २ लाख २८ हजार. नोंदणी ३० हजार. बेरीज तीन लाखांच्या घरात, आणि यातल्या शुल्काला बँक कर्ज धरत नाही, सगळं रोख आपलं. पगारावर प्राप्तिकर कापून हातात आलेल्या पैशातून परत हे कर भरायचे.

आईने काही न बोलता कपाटातून डबा काढला. तिच्या पाटल्या होत्या, चार तोळ्यांच्या. सोन्यावर कर्ज देणाऱ्या काउंटरवर त्या मुलाने एक पाटली घासून पाहिली आणि काट्यावर ठेवली. काच बंद केली तरी आकडा थोडा वर-खाली होत होता. आई त्या आकड्याकडे बघत होती, मी आईकडे. पाटल्या मी पुढच्या वर्षी सोडवल्या. ते व्याज माझ्या कुठल्याच विवरणपत्रात गेलं नाही.

आणखी एक, नव्याने कर्ज काढणाऱ्यांसाठी. मला मंजुरीपत्राबरोबर विम्याचा अर्ज दिला, "हा कंपल्सरी आहे मॅडम" म्हणून. एकरकमी हप्ता एक लाखाच्या वर, त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, आणि ती रक्कम कर्जातच मिळवलेली. म्हणजे विम्याच्या हप्त्यावर आणि त्याच्या जीएसटीवर मी वीस वर्षं व्याज भरतेय. विमा असावा, मी रोज वॉर्डात बघते म्हणून सांगते. पण साधा मुदतीचा विमा बाहेरून घ्या. तिथेच घ्यायला हवा असं कुठेही नाही.

विरार

थोडक्यात लिहितो. घर घेताना बायकोही नोकरीत होती. करारात दोघांची नावं टाका, कर्जातही दोघांना घ्या, म्हणजे जुन्या पद्धतीत दोघांना वेगवेगळी दोन-दोन लाखांची वजावट, असं ऑफिसमधल्या एकाने सांगितलं होतं. मी आळस केला, फक्त माझं नाव. नंतर नाव चढवायचं तर पुन्हा कागदपत्रं, पुन्हा खर्च. चार वर्षं तिची वजावट फुकट गेली. मग मुलगी झाली आणि तिने नोकरी सोडली. चूक माझीच होती, पण नवीन लोकांनी तरी करू नये.

सातारा, निवृत्त

तुम्हा मुलांचं वाचतोय. मी १९९४ साली साडेपंधरा टक्क्यांनी कर्ज काढलं होतं, म्हणून आधी मनात आलं की नऊ टक्क्यांत काय एवढं. मग पेन घेऊन बसलो. माझं घर तेव्हा तीन वर्षांच्या पगारात बसत होतं. माझ्या मुलाचा हिंजवडीचा फ्लॅट त्याच्या आणि सुनेच्या मिळून सात वर्षांच्या पगारात बसत नाही. दर माझा मोठा होता, डोंगर तुमचा मोठा आहे. मनात आलेलं मागे घेतो.

फक्त एक लक्षात असू द्या. रेपो उतरला की तुमचा दर उतरतो आणि मी त्याचा आनंद मानतो, पण त्याच महिन्यात माझी ठेव नूतनीकरणाला गेली तर व्याज कमी लागतं. माझ्या मुलाचा हप्ता आणि माझी ठेव दोन्ही एकाच बँकेत आहेत. दर महिन्याला मी त्याला पाच हजार पाठवतो, ते कुठून येतात हे त्याला माहीत नाही.

ठाणे, धागा काढणारी

काका, तुमचं वाचून थांबले थोडी. मुलाला सांगा. त्याला कळलेलं बरं.

डोंबिवलीच्या दादांसाठी: वसुलीच्या वॉरंटचा अर्ज करून गप्प बसू नका. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या नऊ जणांनी एकत्र जाऊन तहसीलदारांकडे दर महिन्याला लेखी विचारणा सुरू केली, तेव्हा कुठे बिल्डरच्या गाळ्यांवर जप्तीची नोटीस लागली.

आमचं पुढे काय झालं, तेही सांगायचं राहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. ते परिपत्रक छापून घेऊन मी शाखेत गेले. दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. ऑक्टोबर २०२३ पासून आम्ही हप्ता ३५ हजारांचा केला. नवऱ्याने गाडी विकली, मी शनिवारच्या शिकवण्या धरल्या. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला तेव्हा बँकेने विचारलं, हप्ता कमी करू का. नको म्हटलं.

परवा रात्री परत खातं उघडून पाहिलं. शेवटच्या हप्त्याचं साल २०४१ दाखवतंय. २०२१ ला सही करताना होतं तेच. फक्त हप्ता महिन्याला ४,७०५ रुपयांनी जास्त आहे.