मुलांना दयाळूपणा शिकवायचाय? मग आधी कामाच्या मावशींचा वेगळा कप बंद करा

ठाणेकरीण
आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या गटात सध्या एकच विषय आहे: सुट्टीत मुलांना दुसऱ्याचा विचार करायला कसं शिकवायचं. वाढदिवसाला अनाथाश्रमात खाऊ वाटा, जुनी खेळणी द्या, गॅलरीत पक्ष्यांना पाणी ठेवा. एकीने फ्रिजवर तक्ता लावलाय, चांगलं वागलं की एक स्टार आणि दहा स्टार झाले की बक्षीस. सगळं मनापासून चाललंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच आठवड्यात त्याच लोकांपुढे ठराव आला की घरकाम करणाऱ्या बायका आणि डिलिव्हरीची मुलं यांनी फक्त सामानाची लिफ्ट वापरावी, आणि बहुतेकांनी त्याला होकार दिला.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून एकदा अनोळखी मुलांना लाडू वाटून जे शिकवलं जातं, ते रोज सकाळी स्वयंपाकघरात पुसलं जातं. खिडकीपाशी उपडा ठेवलेला, कान तुटलेला एक कप असतो ना, तो मावशींचा. पाहुण्यांसाठी कप काढ म्हटलं तर पाच वर्षांचं पोरसुद्धा त्याला हात लावत नाही. ‘हा त्यांचा’ असं कुणी बसवून सांगितलेलं नसतं, तरी त्याला ते पक्कं ठाऊक असतं. मुलं आपलं बोलणं कमी आणि वागणं जास्त उचलतात. म्हणून सुरुवात इथून व्हावी: कप सगळ्यांचे सारखे, चहा खुर्चीवर बसून, हाक ‘अहो मावशी’ अशी, आणि स्वतःचं ताट मुलाने स्वतः सिंकमध्ये नेऊन खरकटं काढून ठेवायचं.

हिशेबी_बाबा
ताई, तळमळ पोचली, पण दोन वेगळ्या गोष्टींची तुम्ही गाठ मारताय. लिफ्टचा प्रश्न गर्दीचा आहे. सकाळी आठ ते दहा शाळेची मुलं, ऑफिसवाले आणि कामाच्या बायका एकाच वेळी येतात. आणि अनाथाश्रमाची भेट एवढी मोडीत काढू नका. माझा मुलगा तिथून आल्यावर पुढचे कितीतरी दिवस विचारत होता की त्या मुलांना रात्री भीती वाटली तर ते कुणाकडे जातात. घरात बसून हा प्रश्न त्याला पडला नसता.

तक्त्याबद्दलही तेच. सवय आधी लागते, मन मागून येतं. परवचा म्हटल्यावर आजी हातावर चार मनुके ठेवायची, म्हणून आमचं म्हणणं खोटं होतं का?

जुईची_आई
बाबा, मनुक्यांची आठवण गोड आहे, पण पाढे आणि मदत यांत फरक आहे. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांचा २००८ मधला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. वीस महिन्यांची मुलं, समोरच्या माणसाच्या हातून वस्तू पडते आणि ती त्याला उचलून हवी असते. काही मुलांना दर मदतीला बक्षीस दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या टप्प्यात बक्षीस बंद केल्यावर, ज्यांना ते मिळालं होतं ती मुलं कमी वेळा मदतीला उठली. म्हणजे मदत करायची ओढ मुलांत आधीच असते, स्टार लावून आपण तीच मारून टाकतो. बेडूकउड्या, दप्तर भरणं, दात घासणं यासाठी तक्ता खुशाल लावा.

पर्वतीची_लेक
माझ्या आईने पुण्यात धुणीभांडी केली, म्हणून दोन्ही बाजूंना सांगते.

ठाणेकरीण ताई, तुमचा कप चांगला आहे, पण त्यावर थांबू नका. आईला ‘घरच्यासारखं’ वागवणारं एक घर होतं. चहा टेबलावर, दिवाळीला साडी, वहिनींचा स्वभाव लोण्यासारखा. आई टायफॉइडने पडली तेव्हा त्याच घरी खाडे कापले गेले. गोड बोलणाऱ्यांकडे पगार वाढवून मागताना आईला जास्त लाज वाटायची, कारण मागितलं की ‘तुला आम्ही परकं मानतो का’ हे ऐकावं लागे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. त्यांच्या मागण्या पगाराच्या होत्या, रजेच्या होत्या. राज्यात २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याची भरपगारी सुट्टी आजही घरमालकिणीच्या मर्जीवर आहे.

तर मुलांना हेही दिसू द्या: एक तारखेला, न मागता, पूर्ण पगार हातात. ‘मावशी आज येणार नाहीत, त्यांची सुट्टी आहे’ हे कपाळावर आठी न आणता म्हणणारी आई. त्या दिवशी भांडी बाबांनी घासायची, मुलांनी पुसायची.

नाना_वाई
या विषयात साने गुरुजींची आठवण न होणं अशक्य आहे. ‘श्यामची आई’मध्ये म्हातारी महारीण मोळी डोक्यावर घेता येईना म्हणून रस्त्यात अडलेली असते. आई श्यामला सांगते, जा, तिला हात लाव, मोळी उचलून दे आणि मग येऊन आंघोळ कर. गाव काय म्हणेल याची पर्वा तिने केली नाही. त्याच मुलाने पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. आईने एक पाऊल टाकायला लावलं, मुलगा कितीतरी पुढे गेला. तेव्हा आजच्या आईबापांकडून सगळं एकदम मागू नका. लाडू वाटायला नेणारा बाप निदान मुलाला घराबाहेर तरी काढतोय.

पर्वतीची_लेक
नाना, तुमचा मान राखून सांगते. ती गोष्ट मीही शाळेत रडत ऐकली आहे. पण मोळी उचलून दिल्यावरची आंघोळ त्या म्हातारीच्या नातवंडांना कशी ऐकू येत असेल? त्या आईचा काळ तसा होता, तिला मी बोल लावत नाही. पण आजच्या घरातला वेगळा कप म्हणजे तीच आंघोळ आहे, आणि आज काळाचं कारण नाही. गुरुजी पंढरपुरात उपाशी बसले ते ही आंघोळ संपावी म्हणूनच ना?

नाना_वाई
हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या पावलाला हिणवू नये.

बालवाडी_ताई_सांगली
माझा अनुभव लहान मुलांचा. तीन-चार वर्षांचं मूल ‘ए बाई, पाणी दे’ म्हणतं तेव्हा ते उद्धट नसतं, ते आजोबांचा सूर जसाच्या तसा काढत असतं. चारचौघांत त्याला ओरडलं तर ते मावशींवरच राग धरतं. त्यापेक्षा मोठ्याने लगेच स्वतः म्हणावं, ‘मावशी, जरा पाणी देता का?’ आणि मुलाकडे बघून थांबावं. बहुतेक वेळा ते पुन्हा म्हणतं, नीट म्हणतं. मोठ्या मुलाला मात्र उठून स्वतःचं पाणी स्वतः घ्यायला लावावं. आणि घरातल्या आजी-आजोबांचा सूर बदलायचा असेल तर ते बोलणं मुलाच्या मागे व्हावं, समोर नव्हे.

हिशेबी_बाबा
प्रयोगाचं मी ऐकलं, तक्त्याचा फेरविचार करेन. कपाचं तर आजच बदलता येईल, त्यात वादच नाही. पण एक भीती कुणी बोलत नाही. माझा मुलगा स्वभावाने मऊ आहे. वर्गात त्याचा डबा दुसरेच खातात, पेन्सिली जातात, आणि ‘असू दे बाबा, त्याला हवी होती’ म्हणून गप्प बसतो. अशा पोराला आणखी काय दुसऱ्यांचा विचार करायला सांगू? मला तर त्याला ‘नाही’ म्हणायला शिकवायचंय.

बालवाडी_ताई_सांगली
शिकवाच. डबा हिसकावला जाणं म्हणजे वाटून खाणं नव्हे, हे त्याला स्वच्छ शब्दांत सांगा आणि वर्गशिक्षकांना भेटा. ज्याला स्वतःसाठी ‘नको, हा माझा डबा आहे’ म्हणता येतं, तोच उद्या दुसऱ्याचा डबा कुणी ओढला तर मध्ये पडतो.

ठाणेकरीण
पर्वतीची लेक, पगार आणि सुट्टीचा मुद्दा मी लिहायलाच हवा होता, इतका तो मुळाशी आहे. बाबा, तुमच्या मुलाचा अनाथाश्रमातला प्रश्न फार मोठा आहे, त्याला तो विचारत राहू द्या.

पण लिफ्टवर मी हटणार नाही. आठ ते दहा गर्दी असते, तर त्या वेळेपुरती रांग सगळ्यांना सारखी लावा. दिवसभर, कामावरून माणूस ओळखून लिफ्ट ठरवायची नाही. आमच्या मावशी नवव्या मजल्यापर्यंत चालत आल्यात, सामानाची लिफ्ट बंद होती म्हणून, आणि शेजारची लिफ्ट रिकामी उभी होती. रविवारी सोसायटीची सभा आहे. मी विरोधात बोलणार आहे आणि लेकीला सोबत नेणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीत असा ठराव मागे घेतला गेला असेल, तर काय मुद्दे चालले ते लिहा. शनिवारपर्यंत हवंय.