मदत हवी आहे : मराठीतून कन्नड शिकवणारे धडे

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयात येणाऱ्या मराठी मुलांसाठी, लिब्रेलिंगो या भाषा शिकवणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या पद्धतीने, म्हणजे साध्या यामल फाइलींत (ठरावीक मांडणीच्या मजकूर-फाइलींत), मी कन्नडचे धडे लिहीत आहे. अडचण अशी की ‘नानु होगुत्तेने’ या एकाच वाक्यासाठी ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि ‘नावु’ म्हणजे ‘आम्ही’ही व ‘आपण’ही. काल एका मुलीने ‘जाते’ लिहिले, तर तिचे उत्तर चूक ठरले, कारण पर्यायी भाषांतर नोंदवायचे मीच विसरलो होतो. असे पर्याय प्रत्येक वाक्याखाली हाताने लिहावेत, की एखाद्या पायथन स्क्रिप्टने (छोट्या संगणक-प्रोग्रामने) आपोआप भरावेत? शिवाय, कन्नड वाक्ये तपासून देणारे कोणी बेळगाव-निपाणी भागात आहे का?